आमिष कोणाचे, श्रद्धा कोणाची?

नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५४ साली, त्या राज्याच्या शासनाने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी हे तिचे अध्यक्ष. समितीचा अहवाल १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह याच शहरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि त्या सोहळ्यात धर्म बदलणाऱ्यांमध्ये खुद्द डॉ. नियोगीही होते. इतरांच्या धर्मांतराची चिकित्सा करणाऱ्या न्यायाधीशाने स्वतःचे धर्मांतर मात्र कोणाच्या परवानगीविना केले, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. विवेकबुद्धीने केलेले धर्मांतर आणि आमिषाने घडविलेले धर्मांतर यांत भेद आहे, असेच समितीचे म्हणणे होते. प्रश्न एवढाच, की हा भेद ओळखायचा कोणी आणि कशावरून?

अहवालात शाळांतील सवलती, कर्जवाटप आणि परदेशी पैसा यांवर ठपका ठेवला होता. ख्रिस्ती समाजाने तो एकांगी ठरविला. तथापि त्यातील प्रत्येक तक्रार द्वेषमूलक होती असे म्हणता येणार नाही. ज्या गावात सरकारी शाळा नाही, दवाखाना नाही, तेथे या दोन्ही गोष्टी एकाच पुरवठादाराच्या हाती असल्या, की त्याची इच्छा असो वा नसो, सेवेची सत्ता बनते. वर्ध्याचे गांधीवादी प्राध्यापक एस. के. जॉर्ज हे श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि तरीही या समितीचे सदस्य होते, हे विसरता कामा नये. त्यांच्याही कितीतरी आधी, १९१७ साली, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारण्याचे ठरविले. नागपूर-राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका सहप्रवाशाने दिलेल्या ‘नव्या करारा’पासून ज्यांचा ख्रिस्ताकडे प्रवास सुरू झाला, त्या कवीला येशू हवा होता, मिशनचे वेतन आणि त्यामागून येणारा साहेबी थाट नको होता.

पुढे मध्य प्रदेशात १९६८ साली धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. प्रलोभनाच्या व्याख्येत रोख वा वस्तुरूप देणगीच नव्हे, तर कोणताही भौतिक लाभ बसविण्यात आला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला, आणि धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क अंतर्भूत नाही, असा निर्वाळा दिला. २०२१ मध्ये तेथे अधिक कठोर कायदा आला.

येथे एका गोष्टीचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. भौतिक लाभ देऊन माणसाला एका धर्मात ओढणे हे जर प्रलोभन, तर भौतिक लाभ काढून घेण्याच्या भीतीने त्याला दुसऱ्या धर्मात रोखून धरणे याला काय म्हणावे? अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदू धर्माबाहेरील व्यक्तीला त्या यादीतून वगळले. शिखांचा समावेश १९५६ मध्ये झाला, बौद्धांचा १९९० मध्ये. म्हणजे दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारणाऱ्यांनी केंद्राच्या सवलतींपुरता चौतीस वर्षांचा तोटा पत्करला. तोटा सोसून केलेल्या निवडीहून श्रद्धेचा अधिक सबळ पुरावा अर्थशास्त्राला तरी ठाऊक नाही. दलित ख्रिस्ती आजही तो तोटा सोसत आहेत.

मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या अनुसूचित जातीच्या चर्मकारांना सरकारी योजनेत विनामूल्य टपऱ्या मिळाल्या; त्यांच्यातल्याच एकाला तो ख्रिस्ती म्हणून टपरी नाकारली गेली. धर्म बदलल्यानंतरही अस्पृश्यतेची तीच तीव्र झळ कायम राहते हे पुराव्याने सिद्ध झालेले नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये त्याची याचिका फेटाळली. चर्चची खरी अडचण येथेच आहे. ख्रिस्तापाशी जात नाही असे व्यासपीठावरून सांगायचे, आणि सवलतीसाठी मात्र जात आहे असे न्यायालयात मांडायचे! तमिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतही दलितांची जागा वेगळी राहिली. हे लाजिरवाणे सत्य मोकळेपणी मान्य केल्याशिवाय दलित ख्रिस्त्यांचा दावा उभा राहू शकत नाही, आणि ते मान्य करण्याचे धैर्य धर्मगुरूंपेक्षा सामान्य दलित ख्रिस्त्यांनीच अधिक दाखविले आहे.

धर्माची अट काढून टाकावी, अशी शिफारस २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने केली. ती अमलात आली नाही. २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा नवा आयोग नेमण्यात आला. वस्तुतः अनुसूचित जमातींना धर्माची अशी अट कधीच नव्हती. नियोगी समितीने ज्यांच्या धर्मांतराची सर्वाधिक चिंता वाहिली, त्या सरगुजा-रायगड भागातील आदिवासी ख्रिस्ती झाला तरी त्याचे जमातीचे प्रमाणपत्र कायम राहते. नागपुरातला दलित ख्रिस्ती झाला, की त्याचे अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र रद्द होते.