कोणत्या पेनात कोणती शाई

मृग लागला की राधानगरीत कागदाचा स्वभाव पालटतो. मे महिन्यात ज्या वहीवर अक्षर कोरल्यासारखे उमटत होते, त्याच वहीवर जुलैत शाईला बारीक मुळे फुटतात. शिरोरेघ जाडावते, ‘ध’ आणि ‘भ’ची पोटे भरून जातात, पानाच्या पाठीवर ठिपके उमटतात. पेन तेच, शाई तीच, हातही तोच. पण दाजीपूरच्या रानातून आणि धरणाच्या लक्ष्मी तलावावरून येणारी ओल कागदाने पिऊन घेतलेली असते, आणि ओलसर कागदाला शाई थोपवून धरता येत नाही. शाईपेनाचा नाद असलेल्या माणसाने इथे एक पावसाळा काढला की त्याला कळते, आवडत्या पेनाला आवडती शाई लावून देताना कागदाला आणि हवेलाही विचारावे लागते.

हा नाद सध्या पुन्हा जोरात आहे. बॉलपेनाने शाळा-कचेऱ्यांतून शाईपेन हुसकावले त्याला काही दशके झाली. तरी शिक्षक, वकील, निवृत्त कारकून आणि दिवसभर संगणकावर बसणारी तरुण मुले यांच्या टेबलावर शाईच्या बाटल्या परत दिसू लागल्या आहेत. पूर्वी घरात एक पेन आणि एक दौत असे. आता एकेका पेनाला एकेक रंग नेमून दिलेला असतो. पुष्कळजण नमुन्यांची वही ठेवतात. पानावर पेनाचे नाव, निबची जाडी, शाई, तारीख, कापसाच्या बोळ्याने ओढलेला रंगाचा पट्टा आणि खाली एखादे वाक्य. अशी वही वर्षभर नेमाने ठेवली तर पाने चाळताना पावसाळा कुठे सुरू झाला तेही ओळखता येते.

शाईपेन हे अगदी थोड्या भागांचे यंत्र आहे. निबच्या टोकाला झिजू नये म्हणून लावलेला कठीण मिश्रधातूचा मणी, ज्याला सगळे इरिडियम म्हणतात. त्यातून मागे गेलेली केसाएवढी चीर. बहुतेक निबांत चिरेच्या शेवटी एक भोक. आणि निबच्या पोटाशी चिकटून बसलेली जीभ. सगळी हुशारी या जिभेत आहे. तिच्या बारीक खोबणीतून शाई पुढे येते, त्याच वाटेने हवा मागे टाकीत जाते, आणि कडेच्या खाचा जादा आलेली शाई धरून ठेवतात. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमनने अशा जिभेचे पेटंट १८८४ मध्ये घेतले. साहित्य आणि घडण बदलली, पण तत्त्व आजही तेच आहे.

जीभ शाईला ढकलत नाही, फक्त वाट देते. पुढे किती आणि कसे यायचे हे शाईच्या अंगच्या गुणावर ठरते. म्हणून एकाच निळ्या रंगाच्या दोन कंपन्यांच्या शाया एकाच पेनातून वेगवेगळ्या वाहतात. शौकीन मंडळी एका शाईला ओली म्हणतात, दुसरीला कोरडी. पेनांचेही तसेच. सढळ वाहणाऱ्या पेनात कोरडी शाई आणि कंजूष पेनात ओली शाई, एवढा नियम पाळला तरी निम्म्या तक्रारी मिटतात. लिहीत नाही म्हणून कपाटात टाकून दिलेले पेन नुसती शाई बदलल्यावर चालू लागते, आणि दोष निबला लावून लोक उगाच तिची टोके फाकवत बसतात.

बारीक निबेचे उत्तम उदाहरण म्हणजे चिनी हीरो, जे एके काळी आपल्याकडे घराघरांत होते. त्यात फिकट नारिंगी किंवा पोपटी शाई भरली तर कागदावर काही दिसतच नाही. तिथे गडद आणि ओली शाई हवी: काळी, निळी-काळी, गर्द जांभळी. उलट जाड निबेत काळी शाई भरणे मला नेहमी वाया घालवल्यासारखे वाटते. जाड निबेला मधाच्या रंगाची, शेवाळी किंवा विटकरी शाई द्यावी. एकाच अक्षरात ती कुठे फिकी, कुठे गडद अशी छटा सोडते आणि हस्ताक्षराला खोली येते.

एबोनाइटची, ड्रॉपरने भरायची देशी पेने हे वेगळेच प्रकरण. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर. मुंबईच्या एअरमेल आणि वॉलिटीची ड्रॉपरची पेने असोत की आंध्रातल्या राजमहेंद्रीची हाताने कातलेली, त्यांची नळी हीच टाकी, त्यामुळे आयात पेनांच्या कन्व्हर्टरपेक्षा कितीतरी जास्त शाई मावते. एकदा भरले की आठवडेच्या आठवडे एकाच रंगाबरोबर राहायचे, म्हणून ज्याचा कंटाळा येणार नाही तोच रंग यात भरावा. आणखी एक खबरदारी घ्यावी. शाई तळाला गेली की नळीतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि निबमधून शाईचा थेंब टपकन पडतो. एबोनाइट उष्णता सावकाश पोचवतो म्हणून त्यात हे कमी, पण होते. एक तृतीयांश शाई उरली की भरून टाकावी.

लाल आणि जांभळ्या शायांना स्वतंत्र पेन द्यावे, कारण पारदर्शक नळीवर त्यांचे डाग जन्मभर राहतात. चकाकीचे कण घातलेल्या शाया जिभेच्या खाचांत बसतात. त्या हौसेने वापरायच्या तर सहज उघडता येणाऱ्या स्वस्त पेनात. निळ्यावर तांबूस झाक मारणाऱ्या शायांचा सध्या फार बोलबाला आहे. ती झाक म्हणजे कागदात न मुरता वरच सुकलेला रंग. घाटमाथ्यावरच्या दमट हवेत तो नीट सुकत नाही, दुसऱ्या दिवशीही बोटाला लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये अशी शाई बंद ठेवून साधी, लवकर मुरणारी शाई आणि एक पायरी बारीक निब घ्यावी. चित्रकलेची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक मात्र कोणत्याच पेनात, कोणत्याच ऋतूत भरू नये. ती आत वाळली की पेन गेले.

परदेशी शौकिनांच्या शिफारशी मराठी लिहिणाऱ्याने जशाच्या तशा घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. त्यांचे अक्षर डावीकडून उजवीकडे वाहत जाते, ओल्या शाईवरून पेन क्वचितच परत फिरते. आपण मात्र आधी शब्दाची सगळी अक्षरे लिहितो आणि मग ती ओली असतानाच त्यांच्या डोक्यावरून शिरोरेघ ओढतो. प्रत्येक काना रेघेला मिळतो तिथे शाई साचते. शिवाय ‘क्ष’, ‘भ’, ‘ध’ यांच्या गाठी जाड निबेत बुजतात. बाहेरचे लोक मध्यम निब सुचवतात तिथे आपल्याला बारीक लागते. पण आपल्या लिपीचे एक देणेही आहे. काना वरून खाली उतरतो आणि पायाशी पेन क्षणभर थांबते, तिथे रंग गडद होतो. चांगल्या छटेच्या शाईत लिहिलेल्या मराठी पानावर प्रत्येक ओळीला खालून एक गर्द काठ येतो. रोमन लिपीत ही शोभा अशी एकसारखी उतरत नाही.

मोडीने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. मोडीत आधी पानभर रेघ आखायची आणि मग तिला अक्षरे टांगत, हात शक्य तितका न उचलता लिहीत जायचे. अक्षर रेघेला भिडेपर्यंत रेघ सुकलेली. दरबारी कारकुनांचा वेग आणि त्यांची सुबकता यात या क्रमाचा मोठा वाटा असला पाहिजे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानचे मोडी दप्तर आहे. बोरूने आणि काजळीच्या शाईने लिहिलेले असे जुने कागद आजही काळे दिसतात, कारण काजळी म्हणजे कार्बन आणि तो उन्हाने उडत नाही.

रंगांची आणि लेखण्यांची हौसही आपल्याकडे नवी नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. त्यात अक्षर कसे काढावे हे तर आहेच, पण निरनिराळ्या देशांचे बारीक, सरळ, नाना रंगांचे बोरू आणून ठेवावेत, टाक तोडण्याचे वेगवेगळे प्रकार असावेत, हिंगूळ संग्रही असावा, शाईचाही संग्रह करावा, असेही सांगितले आहे. सतराव्या शतकातला हा मजकूर आजच्या शौकिनाने भिंतीवर लावावा इतका त्याच्या मनातला आहे.

शाईचा कारखानदारी इतिहासही महाराष्ट्राच्या घरचाच. दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद यांनी १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर अँड कंपनी काढली. सुरुवात झाली घोडा छाप शाईच्या पुडीने आणि वडीने. ती पाण्यात विरघळवली की दौत तयार. दौत-टाकाच्या त्या शाईनंतर फाउंटन पेनांसाठी बाटलीतली कॅमल इंक आली. उंटाचे चित्र दांडेकरांना इराण्याच्या हॉटेलात बसले असताना एका सिगारेटच्या जाहिरातीत दिसले, अशी गोष्ट सांगितली जाते. कॅमल आणि इंक मिळून कॅम्लिन झाले. स्वदेशीचा तो काळ होता, बाजारात परदेशी शायांचे वजन होते, आणि एका मराठी घराने रसायनशास्त्राच्या जोरावर शाळकरी पोराला परवडेल अशी शाई करून दाखवली. २०११ मध्ये कंपनीची मोठी भागीदारी जपानच्या कोकुयोकडे गेली. बाटलीवर उंट मात्र राहिला.

या शाईची थोरवी नादिष्टांच्या गप्पांत पुरेशी मानली जात नाही. कॅमलची रॉयल ब्लू ही धुऊन निघणारी, पेनाला न छळणारी शाई आहे. गाळ नाही, डाग नाही, जुन्या पेनाच्या रबरी थैलीला इजा नाही. कोणतेही नवे पेन हाती आले की आधी त्यात हीच भरावी. रॉयल ब्लूने नीट लिहिले तर पेन चांगले आहे. मग त्याला हवा तो भारी रंग द्यावा.

राधानगरीचा शाईशी खरा संबंध मात्र जंगलातला आहे. शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतले आणि गावाला कन्या राधाबाई यांचे नाव दिले, हे इथल्या प्रत्येकाला माहीत असते. १९०९ च्या सुमारास सुरू झालेले ते काम पुरे व्हायला १९५७ साल उजाडले, आणि पुढच्याच वर्षी दाजीपूरचे गवा अभयारण्य झाले. त्या रानात जांभूळ, अंजनी, ऐन यांच्या जोडीला हिरडा आहे. हिरड्याच्या वाळक्या फळात सुमारे ३० टक्के टॅनिन असते. हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, टाकला की तपकिरी पाणी बघता बघता काळे होते. टॅनिन आणि लोहाचा संयोग हवा लागून पक्का होतो, कागदाच्या धाग्यांना चिकटतो आणि पाण्याने धुऊन जात नाही. युरोपने हीच शाई ओक झाडाच्या गाठींपासून केली आणि शतकानुशतके सगळे महत्त्वाचे दस्त तिच्यात लिहिले. इंग्लंडात जन्म-विवाहाच्या नोंदींसाठी रजिस्ट्रारची शाई म्हणून ती आजही बनते.

घरी केलेली हिरड्याची शाई बोरूने किंवा टाकाने लिहावी, पेनात भरू नये. तिच्यातला डिंक आणि गाळ जीभ बंद करतो, आणि आम्लाने पोलादी निब खाल्ली जाते. फाउंटन पेनासाठी लोह अगदी मोजके ठेवावे लागते. जर्मनीची रोहरर अँड क्लिंगनर अशी ‘सॅलिक्स’ नावाची निळी शाई करते, जपानची प्लॅटिनम लिहिल्यावर गडद होत जाणारे रंग करते. सोन्याच्या निबेत अशी शाई निर्धास्त भरावी. पावसाळ्यात तर तिच्यासारखी दुसरी नाही: मुळे फुटत नाहीत, पाण्याचा शिंतोडा पडला तरी ओळ शाबूत राहते. मी लिफाफ्यावरचे पत्ते दुसऱ्या कशाने लिहीत नाही.

जपानने रंगांना जागांची नावे देण्याची एक सुंदर रीत पाडली आहे. कोबे शहरातल्या नागासावा या दुकानाने शहराच्या एकेका ठिकाणाची शाई काढली, पहिली रोक्को डोंगराची हिरवी. पायलटच्या इरोशिझुकू मालिकेत रानद्राक्षाचा जांभळा आहे, बांबूच्या कोळशाचा काळा आहे. केरळात पट्टांबीची कृष्णा शाई शौकिनांत मान मिळवून आहे. १९३४ मध्ये स्वदेशीच्या प्रेरणेने सुरू झालेली बंगालची सुलेखा मधे बंद पडून पुन्हा उभी राहिली. सह्याद्रीच्या नावाची शाई मात्र माझ्या टेबलावर अजून नाही, आणि ही उणीव मला मनापासून टोचते. अंजनी फुलते तेव्हाचा निळा-जांभळा, करवंदाचा रस, जांभ्या दगडाचा तांबडा, दिवाळीनंतर निवळलेल्या तलावाचा हिरवा: इतके रंग एका तालुक्यात आहेत. हिरडा इथला, हिराकस बाजारात मिळतो, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग आहे. बारीक गाळलेला अर्क, बेताचे लोह, बुरशी धरू नये म्हणून थोडे औषध, डिंक अजिबात नाही. सुरुवातीला एकच रंग पुरे: गव्याच्या अंगाचा काळपट तपकिरी.