वऱ्हाडचा उन्हाळा आणि घरांतील बॅटरी

अग्नि घरांत पूर्वापार वावरत आला आहे. परंतु त्याची जागा ठरलेली असे. चुलींत, समईंत, कंदिलांत तो डोळ्यांना दिसे, आणि निजण्यापूर्वीं तो नीट विझला आहे ना, हें घरांतील एखादें वडीलधारें माणूस पाहून घेई. आज घरोघरीं जो नवा अग्नि येऊन बसला आहे, तो दिसत नाहीं. म्हणून त्याची विचारपूस करण्याची संवयही आपल्याला लागलेली नाहीं.

अमरावती जिल्ह्यांतील चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गांवचें एखादें सुखवस्तु घर घ्या. मोबाईल, मुलांचा लॅपटॉप, प्रवासांतील पॉवर बँक, वीज गेली असतां लागणारा दिवा, ओसरीवर विजेची स्कूटर, आणि संत्र्याच्या बागेंत किंवा कपाशीवर औषध फवारण्याचा पाठीवरचा पंप, या सर्वांच्या पोटांत बॅटरी आहे. कांहीं पंपांत व इन्व्हर्टरांत अजून शिशाची जुनी बॅटरी असते. इतरत्र बहुतेक लिथियम-आयन जातीची. या दुसऱ्या जातीची बॅटरी १९९१ सालीं जपानांत प्रथम बाजारांत आली. तिच्या घडणीबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. ती हलकी आहे, टिकाऊ आहे आणि योग्य रीतीनें वापरली तर निर्धोकही आहे. प्रश्न एवढाच, कीं योग्य रीति कोणती?

बॅटरी ‘भरणें’ हा शब्दच थोडा फसवा आहे. रांजणांत पाणी भरावें तशी बॅटरींत वीज भरते, अशी त्यावरून समजूत होते. रांजण भरून वाहूं लागला तर अंगण ओलें होईल, त्यापलीकडे कांहीं बिघडत नाहीं. बॅटरीचें तसें नाहीं. तिच्या प्रत्येक घटांत एका बाजूस ग्रॅफाइटचा थर असतो, दुसऱ्या बाजूस लिथियम असलेल्या संयुगाचा थर असतो, आणि दोहोंमध्यें केसाहूनही पातळ असा सच्छिद्र पडदा असतो. या सर्वांना भिजवून ठेवणारा जो द्राव, तो पेट घेणारा असतो. घट चार्ज होत असतां लिथियमचे कण पडदा ओलांडून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. तेथें जागा मोजकी असते. तिच्यापेक्षां अधिक कण किंवा अधिक वेगानें कण येऊं लागले, म्हणजे ते थरावर धातूच्या रूपानें साचतात. त्यांचे सुईसारखे कोंब वाढून पडद्यास भोंक पडण्याचा संभव असतो. मग आंतल्या आंत दोन्ही बाजू एकमेकींस भिडतात आणि उष्णता उसळते.

हें टाळण्याचें काम चार्जरचें आणि बॅटरीस जोडलेल्या रक्षक-मंडलाचें. नेहमींच्या वापरांतील घट ४·२ व्होल्टपर्यंत भरावयाचा असतो. तेथवर ठराविक प्रवाह सोडावा, मग दाब तोच राखून प्रवाह हळूहळू कमी करावा आणि शेवटीं थांबवावा, असा हा क्रम आहे. म्हणूनच वाटेल तो चार्जर वाटेल त्या बॅटरीस चालत नाहीं. फवारणीच्या पंपाचें उदाहरण पहा. तीन लिथियम घटांची जुडी १२·६ व्होल्टला पूर्ण भरते. परंतु शिशाच्या ‘१२ व्होल्ट’ बॅटरीचा चार्जर १४ व्होल्टांच्याही वर जातो. दोन्ही पंपांवर ‘१२ व्होल्ट’ असेंच लिहिलेलें असतें आणि पिनही कधीं कधीं जुळते. पिन जुळली म्हणजे चार्जर जुळला, असें मात्र नव्हे.

आतां उष्णतेकडे वळूं. घट तापला कीं आंतील रसायनें एकमेकांवर अधिक वेगानें काम करूं लागतात, आणि त्या कामांतूनच आणखी उष्णता निर्माण होते. सुमारें १३० अंश सेल्सिअसला मधला पडदा वितळूं लागतो. त्यानंतर घट स्वतःच स्वतःला तापवीत जातो आणि शेजारच्या घटालाही ओढून घेतो. शेतकऱ्याच्या घरीं हा प्रकार समजावून सांगावा लागत नाहीं. ओला कडबा गंजींत रचला तर ती आंतून तापते, हें त्याला ठाऊक असतें. वरून हात लावणाऱ्यास तिच्या पोटांत काय चाललें आहे याचा पत्ता लागत नाहीं. फरक इतकाच, कीं गंजीला जें घडावयास दिवस लागतात, तें बॅटरींत कांहीं क्षणांत घडतें.

वऱ्हाडाचा खरा प्रश्न येथें उभा राहतो. लिथियम घट ० ते ४५ अंशांच्या मर्यादेंतच चार्ज करावा, अशी सूचना कारखानदार सामान्यतः देतात. वैशाखांत अमरावती-अकोल्याकडे सावलींतला पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या छपराखालीं, बंद मोटारींत किंवा उन्हांत उभ्या केलेल्या स्कूटरींत तो त्याहूनही वर असतो. चार्ज होतांना बॅटरी स्वतः थोडी तापतेच. म्हणजे थंड प्रदेशांतल्या माणसाजवळ चुकीसाठीं जी थोडी सवड शिल्लक असते, ती वऱ्हाडांतील दुपारनें आधींच खाऊन टाकलेली असते. पुण्या-मुंबईस जी हयगय खपून जाईल, ती येथें खपेलच असें नाहीं.

आणि मुंबईच्या बाजूसही ती नेहमीं खपत नाहीं. सप्टेंबर २०२२ मध्यें वसई येथें घरांत चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटेच्या सुमारास स्फोट झाला. त्यांत भाजलेला सात वर्षांचा मुलगा कांहीं दिवसांनीं दगावला. सर्व घर झोपेंत असण्याची ती वेळ.

लहान बॅटरी निरुपद्रवी असते, हाही भ्रमच आहे. निकोटीनची वाफ ओढण्याची जी विजेची नळी व्हेप किंवा ई-सिगारेट म्हणून ओळखली जाते, तिचें उत्पादन, आयात, विक्री आणि साठा भारतांत २०१९ च्या कायद्यानें बंद आहे. परंतु तिचा इतिहास बोधप्रद आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती अग्निशमन खात्यानें २००९ ते २०१६ या काळांतील तिच्या आगीचे व स्फोटांचे १९५ प्रसंग नोंदविले. कांहीं खिशांत, कांहीं तोंडाशीं, तर कांहीं चार्जिंगला लावली असतां घडलेले. नळीच्या बाजू मजबूत आणि टोकें कमजोर असल्यामुळें आंतला दाब टोकांतून सुटतो व नळी अग्निबाणासारखी उडते. अशा नळ्यांत पुष्कळदां वापरला जाणारा १८ मिलिमीटर जाडीचा व ६५ मिलिमीटर लांबीचा गोल घट विजेरींत, पॉवर बँकेंत आणि कांहीं स्कूटरींतही असतो. तो सुटा मिळाला तर किल्ल्या व नाण्यांबरोबर खिशांत टाकूं नये. दोन टोकांना धातू टेकला कीं पुरे.

यावरून घरासाठीं जे नियम निघतात ते थोडे आहेत, पण ते मोडावयाचे नाहींत. चार्जर त्याच यंत्राचा, किंवा निर्मात्यानें सांगितलेल्या व्होल्ट-अँपिअरचा असावा, आणि त्यावर भारतीय मानक ब्यूरोचें नोंदणीचिन्ह पाहून घ्यावें. उन्हांतून आणलेली स्कूटर किंवा पंप निदान अर्धा तास सावलींत निवूं द्यावा. उन्हाळ्यांत चार्जिंग सकाळच्या गारव्यांत, माणसें जागीं असतांना करावें. रात्रभर लावून निजूं नये. फोन उशीखालीं किंवा गादीवर ठेवून चार्ज करूं नये, कारण कापूस उष्णता कोंडून धरतो. स्कूटरची बॅटरी दाराच्या किंवा जिन्याच्या वाटेवर लावूं नये. आग लागल्यास बाहेर पडण्याची तीच वाट असते. शिशाची बॅटरी भरतांना तींतून हायड्रोजन सुटतो, म्हणून तेथें खिडकी उघडी असावी व ठिणगी नसावी.

बॅटरी फुगली, तिला गोडसर उग्र वास येऊं लागला, ती पडून चेपली किंवा पाण्यांत बुडाली, तर ती पुन्हां चार्ज करूं नये. नव्या बॅटरीची किंमत येथें वांचवावयाची नसते. निरुपयोगी बॅटरी केराच्या टोपलींतही टाकूं नये. २०२२ च्या नियमांप्रमाणें ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन करणाऱ्याकडे द्यावयाची असते.

प्रसंग ओढवलाच, तर आधीं माणसें बाहेर काढावीं. हाताशीं असेल तर मुख्य बटण बंद करावें आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावें. धूर विषारी असतो. वस्तू वांचविण्यासाठीं आंत शिरूं नये. वीज तोडल्यानंतर लहान बॅटरीवर दुरून भरपूर पाणी ओतणें उपयोगी पडतें, कारण वाळूनें ज्वाळा झांकतात, पण आंतली उष्णता जात नाहीं. विझलेली बॅटरी पुन्हां पेटूं शकते, म्हणून ती उघड्यावर, घरापासून दूर ठेवावी.

निजण्यापूर्वीं चूल पाहण्याची घराची जुनी रीत होती. चूल गेली तरी ती रीत टाकण्याचें कारण नाहीं. आतां भिंतीवरचीं बटणें पहावयाचीं, इतकेंच.