लाल सूर्य आणि आपल्या घरातले ग्रहण

२६ डिसेंबर २०१९, गुरुवार. सकाळी आठच्या सुमारास सूर्यग्रहण लागले. दक्षिण भारतात ते कंकणाकृती होते, आपल्या महाराष्ट्रात खंडग्रास. माझी भाची पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, सातवा महिना. घरात भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर. आणि त्याच तसबिरींखाली ती पोर तीन तास खाटेवर ताठ पडून होती. भाजी चिरायची नाही, सुई धरायची नाही, कूस बदलायची नाही, पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. खिडकीला जाड चादर लावलेली.

हे सारे करणारी माझी सख्खी ताई. आणि जयंतीच्या कार्यक्रमात अंधश्रद्धेवर तावातावाने बोलणारा मी दारात उभा राहून गप्प! ताई एवढेच म्हणाली, "अरे, तीन तासांचा तर प्रश्न आहे. पाळले तर काय बिघडते?" मला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर वाईटपणा नको, म्हणून मी ते शोधलेच नाही.

आजीची पाटी

त्या दिवशी मला आमच्या आजीची आठवण झाली. ग्रहण लागले की आपल्या लोकांनी पाटी घेऊन गावात फिरायचे आणि "दे दान, सुटे गिऱ्हाण" असे ओरडायचे, ही गावची रीत होती. सूर्याला गिळणारा राहू हा अस्पृश्य, म्हणून अस्पृश्यांना दान दिले की तो सूर्याला सोडतो, असा समज. म्हणजे आभाळातल्या सावलीलाही जात चिकटवलेली! ज्यांच्या सावलीचा विटाळ, त्यांच्याच पाटीत गाव जुने कपडे आणि धान्य टाकून मोकळे होई.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. ती वार्ता गावात आली तेव्हा आमच्या आजीने मेलेली जनावरे ओढणे नाकारले, तशी ती पाटीही कायमची खाली ठेवली. ती अक्षरशत्रू बाई होती. तिने पाटी टाकली आणि आम्ही पदवीधर नातवंडांनी मात्र ग्रहणाची भीती घरात जपून ठेवली! हा हिशेब मला पटेना. मी कारकून माणूस, जमाखर्च जुळला नाही की झोप लागत नाही.

लाल गोळा

पुढे डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या भागातल्या शाळेच्या मैदानावर काही खगोलप्रेमी तरुणांनी सूर्य दाखवण्याचे शिबिर भरवले. मी ताईला, भाचीला आणि तिच्या पावणेपाच वर्षांच्या मुलीला घेऊन गेलो. तिथे एक लहानशी दुर्बीण होती. तिला हायड्रोजन-अल्फा फिल्टर, म्हणजे एक खास प्रकारची प्रकाशाची गाळणी बसवलेली होती.

मी डोळा लावला. पहिल्यांदा निराशाच झाली. काळ्या आभाळात एक लालभडक गोळा, बाकी काही नाही. दुर्बिणीजवळचा मुलगा म्हणाला, "काका, घाई करू नका. डोळा स्थिर होऊ द्या." त्याने नळीवरचे एक कडे हळूच फिरवले आणि त्या गोळ्यावर जीव आला! पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत. मधे काळसर दोरे पडल्यासारखे. दोन-तीन ठिकाणी उजळ चट्टे. आणि कडेला एक ज्वाला कमानीसारखी वाकलेली. आपल्या ५-६ पृथ्व्या एकावर एक रचल्या तरी तिच्याखाली मावतील, असे त्या मुलाने सांगितले. सूर्याचा व्यास पृथ्वीच्या १०९ पट आहे, हे शाळेत पाठ केले होते. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

भाचीच्या मुलीने डोळा लावला आणि ओरडली, "आजोबा, सूर्याला केस आहेत!" ती खरेच बोलली. सूर्याच्या कडेला वायूचे बारीक फवारे सतत उसळत असतात. एकेक फवारा ५-१० मिनिटे टिकतो, विरतो आणि दुसरा उठतो. कडेला त्यांची लव दिसते.

हे फिल्टर करते काय?

आपल्याला रोज दिसतो तो सूर्याचा झगझगीत थर, साधारण ५,५०० अंश सेल्सियस तापमानाचा. त्याच्यावर वायूचा एक पातळ थर आहे. त्याला वर्णगोल म्हणतात. ज्वाला, फवारे, वादळे यांचा संसार तिथे चालतो. परंतु खालच्या थराचा उजेड इतका प्रखर की वरचा थर त्यात बुडून जातो. भर दुपारी दिवाळीची पणती दिसत नाही, तसेच हे.

आता, सूर्यात सर्वात जास्त आहे तो हायड्रोजन वायू. त्याच्या अणूत एकच इलेक्ट्रॉन असतो. तो तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उतरला की एका ठराविक लाल रंगाचा प्रकाश बाहेर पडतो. त्याची तरंगलांबी ६५६.३ नॅनोमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा जवळजवळ शंभरावा भाग. या प्रकाशाला हायड्रोजन-अल्फा असे नाव आहे. वर्णगोलातला हायड्रोजन खालून येणाऱ्या उजेडातला नेमका हाच रंग शोषून घेतो. त्यामुळे बाकीचे सगळे रंग अडवून फक्त या एका रंगात पाहिले, तर खालच्या थराचा झगमगाट नाहीसा होतो आणि वर्णगोलाचा स्वतःचा उजेड तेवढा समोर येतो.

हे गाळणे किती बारीक? चांगले फिल्टर सुमारे ०.०७ नॅनोमीटर रुंदीचाच प्रकाश आत सोडते. डोळ्यांना दिसणारा सगळा प्रकाश सुमारे ३०० नॅनोमीटरमध्ये पसरलेला आहे. म्हणजे खतावणीत ४,००० हून अधिक नोंदी आहेत आणि त्यातली एकच नोंद ठेवून बाकी सर्व झाकून टाकायच्या! हे काम अत्यंत सपाट अशा दोन काचा करतात. त्या अगदी थोडे अंतर ठेवून समांतर बसवलेल्या असतात. प्रकाश त्यांच्यामध्ये मागे-पुढे आपटत राहतो. ज्या लाटा त्या अंतरात नेमक्या बसतात त्याच पार होतात, बाकीच्या एकमेकींना मारून टाकतात. फाब्री आणि पेरो या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८९९ मध्ये ही युक्ती शोधली. यातून निसटणारे इतर रंग आणि उष्णता अडवायला आणखी गाळण्या असतात. त्या मुलाने फिरवलेले कडे हे काचांची रचना किंचित बदलून नेमका रंग जुळवण्यासाठी असते. रेडिओचे स्टेशन लावतात, तसेच!

आपल्याच मातीवरचे ग्रहण

या शोधाची सुरुवात ग्रहणातूनच झाली, आणि तीही आपल्या देशात. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झाले. विजापूर, जमखंडी, गुंटूर येथे युरोपीय शास्त्रज्ञ दुर्बिणी घेऊन उभे होते. गावात लोक दान मागत आणि दान देत असतील त्याच घटकेला फ्रान्सचे पिएर जान्सेन गुंटूरला सूर्यकडेच्या ज्वालांचा प्रकाश वर्णपटात फोडून पाहत होते. त्यांना हायड्रोजनच्या तेजस्वी रेषा दिसल्या. त्या इतक्या ठळक होत्या की ग्रहण सुटल्यावरही त्या दिसतील, असे त्यांच्या मनात आले. दुसऱ्या दिवशी स्वच्छ सूर्यप्रकाशात त्यांनी त्या पाहूनही दाखवल्या. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्वतंत्रपणे तेच केले. ज्वाला पाहण्यासाठी ग्रहणाची वाट पाहण्याची गरज संपली. आजचे हायड्रोजन-अल्फा फिल्टर हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे. तामिळनाडूतील कोडाईकनाल वेधशाळेत १९१२ पासून या लाल प्रकाशात सूर्याची छायाचित्रे घेतली जाऊ लागली. आज तो शंभर वर्षांहून मोठा ठेवा आहे.

पंगतीबाहेरचा विद्यार्थी

आपल्या वाचकांनी एक नाव जरूर लक्षात ठेवावे: मेघनाद साहा. १८९३ मध्ये ढाक्याजवळच्या खेड्यात एका किराणा दुकानदाराच्या घरी, खालच्या मानलेल्या जातीत त्यांचा जन्म झाला. कलकत्त्याला शिकताना वसतिगृहात सवर्ण विद्यार्थी त्यांना आपल्या पंगतीला बसू देत नसत. त्याच साहांनी १९२० मध्ये सूर्याच्या वर्णगोलातल्या वायूंवर निबंध लिहिला. उष्णता आणि दाब यांनुसार अणूतले इलेक्ट्रॉन कसे सुटतात आणि त्यामुळे वर्णपटातल्या रेषा कशा बदलतात, याचे गणित त्यांनी मांडले. 'साहा समीकरण' म्हणून ते जगभर शिकवले जाते.

हेच समीकरण वापरून १९२५ मध्ये अमेरिकेत सिसिलिया पेन या तरुणीने दाखवून दिले की तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत. मोठ्या शास्त्रज्ञांना ते पटले नाही. तिला आपल्या प्रबंधात माघार घेतल्यासारखे लिहावे लागले. चार वर्षांनी त्यांनाच तिचे म्हणणे मान्य करावे लागले! पंगतीतून उठवलेला एक मुलगा आणि गप्प बसवलेली एक मुलगी, यांच्यामुळे सूर्य कशाचा बनला आहे ते जगाला कळले.

साहा बाबासाहेबांपेक्षा दोन वर्षांनी लहान. दामोदर खोऱ्याच्या योजनेत दोघांचाही वाटा आहे. १९५२ मध्ये बाबासाहेब राज्यसभेत होते आणि साहा लोकसभेत. १९५६ च्या एकाच वर्षी दोघेही गेले.

सावध राहा

आता एक कळकळीची सूचना. दुर्बिणीतून सूर्य पाहणे हा खेळ नव्हे. योग्य फिल्टर नसलेल्या दुर्बिणीतून क्षणभर पाहिले तरी डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि डोळ्याचा पडदा जळताना दुखतसुद्धा नाही. लाल काच म्हणजे हायड्रोजन-अल्फा फिल्टर नव्हे. रात्रीच्या आकाशाचे फोटो काढण्यासाठी याच नावाची फिल्टरे विकली जातात, ती सूर्यासाठी मुळीच चालत नाहीत. डोळ्याजवळच्या भिंगावर बसवायची स्वस्त काळी काच उष्णतेने तडकते, ती वापरू नका. मुख्य दुर्बिणीला जोडलेली शोधक दुर्बीण झाकलेली आहे ना, हे पाहा. मुलांना दुर्बिणीजवळ एकटे सोडू नका.

खास सूर्यासाठी बनवलेली हायड्रोजन-अल्फाची लहान दुर्बीणसुद्धा मोटारसायकलच्या किमतीच्या घरात जाते. एकट्यादुकट्याला ते परवडणारे नाही. परंतु विहारात आपण वर्गणी काढून मंडप घालतो, ध्वनिक्षेपक लावतो. चार विहारांनी मिळून एक दुर्बीण घेतली तर? आणि तोवर फुकटचा उपाय आहेच. लहान आरशावर कागद चिकटवा, त्याला अर्धा सेंटीमीटर भोक ठेवा आणि सूर्यप्रकाश अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर पाडा. ११ मीटर अंतरावर सुमारे १० सेंटीमीटरचा गोल पडेल. तोच सूर्य! यात ज्वाला दिसणार नाहीत, पण ग्रहण उत्तम दिसेल, आणि एकाच वेळी पन्नास माणसे भिंतीकडे पाहू शकतील.

ताईचा प्रश्न

त्या दिवशी शेवटी ताईने डोळा लावला. बराच वेळ ती बाजूला झाली नाही. मग तिने त्या मुलाला विचारले, "बाळा, मग ग्रहणात याच्यातून वेगळे काय निघते?"

तो म्हणाला, "मावशी, काहीच नाही. चंद्र आडवा येतो, आपल्याला ऊन कमी मिळते. एवढेच."

ताई गप्प झाली. घरी येताना रिक्षात ती लेकीचा हात धरून म्हणाली, "त्या दिवशी मी तुला उगाच पाणी दिले नाही गं."

पाळले तर काय बिघडते, याचे उत्तर मला पाच वर्षांनी ताईनेच दिले. सातव्या महिन्यातल्या बाईला तीन तास तहानलेले ठेवणे, हेच बिघडणे आहे. कोणी म्हणेल, मूल तर धडधाकट झाले! पण तो ग्रहण पाळल्याचा पुरावा नव्हे. ज्यांनी पाळले नाही त्यांचीही मुले धडधाकटच होतात.

कालामांना तथागतांनी सांगितले, ते हेच नव्हे काय? परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासा. धम्माला 'एहिपस्सिक' म्हणतात, म्हणजे या आणि पाहा! दुर्बिणीजवळचा तो मुलगा दिवसभर दुसरे काय म्हणत होता?

२ ऑगस्ट २०२७, सोमवार. त्या दिवशी दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. बंधू-भगिनींनो, त्या दिवशी आपल्या वस्तीतल्या गरोदर लेकीसुनांच्या खिडकीवरची चादर काढा. त्यांना पोटभर जेवू द्या, पाणी द्या. विहाराच्या भिंतीवर आरशाने सूर्य उतरवा आणि साऱ्यांना बोलवा. आजीने पाटी खाली ठेवली. उरलेली भीती खाली ठेवण्याचे काम आपले आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!