शिष्यवृत्तीचा आकडा बदलू शकतो

अमेरिकेतल्या लॉ स्कूलने प्रवेशासोबत कळवलेली शिष्यवृत्तीची रक्कम अंतिमच असते असं नाही. १२० ते १८० गुणांच्या एलसॅट या प्रवेश परीक्षेत चमकलेला विद्यार्थी त्यांना हवा असतो. नव्या तुकडीच्या गुणांचा मध्यक वाढला की क्रमवारीत फायदा होतो. म्हणून तुल्यबळ लॉ स्कूलच्या मोठ्या ऑफरचं पत्र जोडून फेरविचाराची नम्र विनंती करावी. खोटा आकडा मुळीच सांगू नये. येल, हार्वर्ड, स्टॅनफर्ड मात्र आर्थिक गरज पाहूनच मदत देतात. बंधनकारक 'अर्ली डिसिजन'ने, म्हणजे प्रवेश मिळाल्यास तिथेच जाण्याचं वचन देऊन अर्ज केला असेल, तर घासाघीस जवळपास संपलीच.

माझ्या मते रकमेपेक्षा अटी महत्त्वाच्या. काही शिष्यवृत्त्या ठरावीक सरासरी राखली तरच पुढे चालू राहतात. तिथे गुण बहुधा वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ठरतात, त्यामुळे कष्टाळू विद्यार्थ्याचीही शिष्यवृत्ती जाऊ शकते. अशी सशर्त शिष्यवृत्ती देणाऱ्या लॉ स्कूलला ती किती जणांची कमी किंवा बंद झाली, हे अमेरिकन बार असोसिएशनच्या नियम ५०९ नुसार जाहीर करावं लागतं. ती माहिती आधी वाचा. रक्कम वाढवून मागण्याआधी अट काढून टाकण्याची विनंती करा, आणि जे ठरेल ते लेखी घ्या.