घर बांधताना (लेखांक १२) : ओट्यावरची कपाटं कुणाच्या मापाची?

मागच्या आठवड्यात ओट्याची उंची ठरवली. आता त्याच्यावरच्या कपाटांकडे वळू. केजमध्ये माळवद उतरवून स्लॅबचं घर उभं राहिलं की स्वयंपाकघरात खाली ट्रॉल्या आणि वर कपाटं येतातच. पैसा चांगला लागतो, सनमायकाचा रंग चार दुकानं फिरून निवडला जातो. कपाट भिंतीवर किती उंच बसवायचं हे मात्र कुणी घरातल्या बाईला विचारत नाही. मग वरच्या फळीसाठी स्टूल लागतं, आणि स्टूल लागणारी फळी रोजच्या वापरातून बादच होते.

असं होतं, कारण माप भिंतीवरून घेतलेलं असतं. दारं-खिडक्यांचा लिंटल सात फुटांवर. कपाटाचा माथा त्याच रेषेत आला की दिसायला बरं दिसतं. कपाट अडीच फुटांचं, म्हणून तळ साडेचार फुटांवर जातो. कधी माप टाइल्सवरून ठरतं. गवंडी ओट्यावर दोन फूट टाइल्स लावतो आणि त्या संपल्या तिथून सुतार कपाट सुरू करतो. ३२ इंची ओट्यावर २४ इंच मिळवले की तळ ५६ इंचांवर.

आता पाच फूट उंचीची बाई त्या ओट्यासमोर उभी करा. मोकळ्या भिंतीला टेकून हात वर केला तर तिची बोटं सव्वासहा फुटांच्या आसपास पोचतात. पण मध्ये दोन फूट खोलीचा ओटा आहे आणि वरचं कपाट फूटभरच खोल, म्हणजे कपाटाचं दार तिच्यापासून फूटभर लांब. शिवाय बोट टेकवून भागत नाही, भरलेला डबा धरून उतरवायचा असतो. टाचा न उचलता हे सुखानं जमतं ते साधारण साडेपाच फुटांपर्यंत, म्हणजे ६६ इंच. तळ ५६ वर असेल तर दुसरी फळी ६९-७० वर जाते आणि हातातून सुटते. तोच तळ ५१-५२ वर आणा, दुसरी फळी ६४-६५ वर येईल. चार-पाच इंचांनी एक आख्खी फळी कामाला येते.

ओट्यापासून कपाटाच्या तळापर्यंत १८ ते २० इंच, असं माझं सांगणं असतं. ओट्याच्या सगळ्या लांबीवर मात्र नाही, ते पुढे येतंच. अमेरिकेत ३६ इंची ओटा आणि त्यावर १८ इंच मोकळे असा सर्रास रिवाज आहे. तळ ५४ वर जातो, आणि तिथल्या उंच्यांना तो चालतो. आपण कॅटलॉगमधून तो ५४ चा आकडा उचलावा असं काही नाही.

आपल्याकडचं खरं काम भाकरीचं. ज्वारीचं पीठ तळहातानं रेटून मळायचं, मग थापायचं; यात सगळा जोर खांद्यातून येतो आणि डोकं परातीवर झुकतं. तिथे वर कपाट असेल तर ते फूटभरापेक्षा खोल नको आणि तळ २० इंचांच्या खाली नको. त्याहून बरं म्हणजे थापायच्या जागेवरची भिंत मोकळी सोडावी. शेगडीवरही कपाट नकोच. चिमणी बसवायची असेल तर बर्नरपासून २४ ते ३० इंच वर, कंपनीनं दिलेलं माप पाहून. मिक्सरच्या कोपऱ्यात मोठं भांडं चढवून, झाकण उचलून बघा आणि मग खूण करा.

पाण्याची जागाही विसरली जाते. धनेगावचं मांजरा धरण आपल्याच तालुक्यात असलं तरी पाणी साठवून ठेवायची आपली सवय सुटलेली नाही. माठ किंवा दोन मजली स्टीलचा फिल्टर ओट्यावर ठेवणार असाल तर वरून घागर ओतायला जागा लागते. तिथे कपाट अजिबात लावू नका.

जुन्या घरात हात न पोचण्याची अडचण नव्हती. चुलीपुढे बसून स्वयंपाक व्हायचा आणि दोन-अडीच फूट जाड भिंतीतला कोनाडा, फडताळ बसल्या हाताला लागेल असं असायचं. जर्मनीत मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी १९२६ साली फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं, तेव्हा आधी बाईच्या हालचाली मोजल्या. रोजच्या जिनसांसाठी हाताशी ओढता येतील असे अ‍ॅल्युमिनियमचे खण केले आणि बसून काम करायला स्टूलही दिलं. मला आपला कोनाडा आणि ते खण एकाच जातीचे वाटतात.

घरकुलात हा विषय अधिक नाजूक. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घर किमान २५ चौरस मीटरचं, स्वयंपाकाची जागा त्यातच. जमिनीवर कपाट ठेवायला वाव नाही, भिंत हाच आधार. तिथे प्लायचं कपाट परवडत नसेल तर भिंत बांधतानाच कडाप्प्याच्या दोन फळ्या अडकवून घ्या, नऊ-दहा इंच रुंद पुरतात. मात्र एकदा चिणलेली फळी हलत नाही, म्हणून माप वीट चढण्याआधी घ्यायचं.

ते असं घ्यायचं. ओट्याची उंची कुठल्याही उभ्या भिंतीवर आखा, पुढे दोन फुटांवर पाट किंवा बाकडं आडवं ठेवा. घरात रोज स्वयंपाक करणाऱ्यांत जी सगळ्यांत बुटकी, तिला पलीकडे उभं करा. सासूबाईंचा खांदा धरत असेल तर त्यांनाच. हातात दोन किलोचा भरलेला डबा द्या. टाचा टेकलेल्या असताना तो जिथे आरामात ठेवता येतो, तिथे पेन्सिलीची खूण. दुसरी फळी त्या खुणेच्या वर जाता कामा नये. खूण तयार फरशीपासून मोजा, कोब्यापासून नव्हे. फरशी पडली की दीड-दोन इंच बदलतात.

तिसऱ्या फळीवर पुरणयंत्र, सोऱ्या, लग्नकार्याची पातेली जाऊ द्या. पिठाचा दहा किलोचा डबा वर कधीच नको. वर उघडणारी हायड्रॉलिक दारं दुकानात छान दिसतात, पण उघडल्यावर मूठ सात फुटांवर जाते आणि बंद करताना पाच फुटांच्या बाईला उडी मारावी लागते. बाजूला उघडणारं साधं दार घ्या, मूठ खालच्या कडेला.

आणि घर जुनंच, दगड-मातीच्या भिंतींचं असेल तर त्यावर कपाट टांगू नका. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात अशा भिंतींचं काय झालं, हे आपल्या भागाला सांगायला नको. मातीच्या सांध्यात फास्टनर धरत नाही आणि डाळी-साखरेनं भरलेलं कपाट चाळीस किलोंच्या पुढे सहज जातं. तिथे जमिनीवरून उभी मांडणी करा, फळ्यांची उंची वरच्याच रीतीनं ठरवा.

पुढच्या लेखात खिडकी आणि फोडणीचा धूर.