लाइ हराओबा : मैतेई समाजाची नृत्यबद्ध विश्वकथा

प्रस्तावना :

भारतातील शास्त्रीय नृत्यप्रकारांचा विचार करताना मणिपुरी नृत्य म्हटले की रासलीला डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु रासलीलेच्या कितीतरी आधीपासून इंफाळच्या खोऱ्यातील मैतेई समाज ‘लाइ हराओबा’ हा विधी करीत आला आहे. ‘लाइ’ म्हणजे देवता आणि ‘हराओबा’ म्हणजे आनंदित होणे. देवांचा आनंद आणि देवांना आनंदित करणे, असे दोन्ही अर्थ या नावात सामावलेले आहेत. नृत्य, गायन, वाद्य आणि कर्मकांड यांचा संगम असलेल्या या उत्सवाचे स्वरूप स्पष्ट करणे आणि तो एका समाजाचे ज्ञान जतन करणारी व्यवस्था कसा ठरतो याचे विवेचन करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

देवता, स्थळ आणि काळ :

ज्या देवतांसाठी हा उत्सव होतो त्यांना ‘उमङ लाइ’ असे म्हणतात. ‘उमङ’ म्हणजे वन. मराठी वाचकास परिचित शब्द वापरायचा तर या देवता देवराईच्या देवता होत. काही देवता विश्वनिर्मितीशी संबंधित आहेत, काही कुळांचे पूर्वज आहेत, तर काही विशिष्ट गावांच्या रक्षक आहेत. प्रत्येकीचे स्थान, वृक्षराजी व जलाशय ठरलेले असतात. उत्सव प्रामुख्याने वसंत व ग्रीष्म ऋतूंत होतो आणि अनेक दिवस चालतो. त्याचे कांगलै, मोइराङ, चाकपा आणि काकचिङ असे प्रकार मानले जातात. लोकताक सरोवराकाठच्या मोइराङ येथील हराओबा थाङजिङ या देवतेसाठी असतो. खंबा-थोइबी यांची प्रसिद्ध प्रेमकथाही याच देवस्थानाशी जोडलेली आहे.

विधीचे सूत्रधार :

या विधीची धुरा माइबा (पुरुष पुरोहित), माइबी (स्त्री पुरोहित) आणि पेनावादक यांच्यावर असते. त्यांत माइबीचे स्थान केंद्रवर्ती आहे. माइबीपद वंशपरंपरेने मिळत नाही. देवतेचा संचार झालेली व्यक्ती ज्येष्ठ माइबीकडे दीर्घकाळ शिकून या पदाला पोहोचते. असा संचार पुरुषास झाल्यास तोही स्त्रीवेष धारण करून माइबीचे कार्य करतो. पेना हे नारळाची करवंटी, बांबू आणि घोड्याचे केस यांपासून बनविलेले एकतारी गजवाद्य आहे. माइबीच्या पदन्यासाला आणि गीतांना त्याची साथ असते.

विधीचा क्रम :

प्रारंभी ‘लाइ इकौबा’ म्हणजे देवतेला पाण्यातून आवाहन करण्याचा विधी होतो. सर्व समुदाय मिरवणुकीने जलाशयाकडे जातो. सोन्यारुप्याचे तुकडे पाण्याला अर्पण केले जातात. माइबी हातातील घंटा वाजवीत संचारावस्थेत जाते व देववाणी उच्चारते. पाण्यात सोडलेल्या धाग्यांच्या द्वारे देवतेचे चैतन्य मृत्तिकाकुंभात येते, अशी श्रद्धा आहे. नंतर देवतेची मंदिरात प्रतिष्ठापना होते.

त्यानंतरच्या दिवसांत रोज नृत्यमालिका सादर होते. तिचा गाभा ‘लाइबौ’ हा आहे. प्रथम विश्वनिर्मितीचे सूचन होते. नऊ देवांनी माती टाकली आणि सात देवींनी पाण्यावर नृत्य करीत पृथ्वी आकारास आणली, अशी मैतेई कथा आहे. पुढे ‘हकचाङ साबा’ या भागात मानवी देहाचा एकेक अवयव हस्तमुद्रांनी घडविला जातो. परंपरेने या मुद्रांची संख्या ३६४ सांगितली जाते. देह घडल्यावर त्याला निवारा हवा, म्हणून घर बांधण्याचे नृत्य येते. अन्न व वस्त्र हवे, म्हणून जमीन साफ करणे, कापूस पेरणे, वेचणे, सूत कातणे आणि कापड विणणे या क्रिया क्रमाने येतात. नोङपोक निङथौ आणि पांथोइबी या देवतायुगुलाच्या प्रणयाचेही नृत्य होते. नर्तकांची रांग नागाच्या वेटोळ्यांप्रमाणे वळणे घेते, त्या रचनेस ‘लाइरेन माथेक’ म्हणतात. अखेरच्या दिवशी समारोपाची गीते गाऊन देवतेला निरोप दिला जातो.

ज्ञानसंवर्धनाची व्यवस्था :

वरील क्रमाकडे पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. सृष्टी, देह, घर, शेती, वस्त्र आणि प्रणय ही मांडणी म्हणजे मैतेई समाजाची विश्वकथा आणि जीवनविद्या होय. ती केवळ ग्रंथावर अवलंबून नाही, तर देहाच्या स्मृतीत साठविलेली आहे. याचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा पामहैबा ऊर्फ गरीब निवाज (कारकीर्द १७०९–१७४८) याने वैष्णव धर्माला राजाश्रय दिला. त्या काळात ‘पुया’ नामक प्राचीन हस्तलिखिते जाळली गेल्याचे परंपरा सांगते. ग्रंथ जाळता येतात, परंतु पिढ्यान्‌पिढ्या गिरविलेला पदन्यास जाळता येत नाही. लाइ हराओबा टिकला, एवढेच नव्हे तर राजा भाग्यचंद्राच्या काळात १७७९ मध्ये रासलीला अवतरली तेव्हा तिच्या लयीला व अंगसंचालनाला याच जुन्या परंपरेचा आधार लाभला.

वर्तमान स्थिती :

आज या परंपरेसमोर वेगळ्या अडचणी आहेत. इंफाळमध्ये १९५४ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू मणिपूर नृत्य अकादमीमुळे प्रशिक्षणाला संस्थात्मक आधार मिळाला आणि लाइ हराओबाचे अंश देशविदेशांतील रंगमंचांवर पोहोचले. मात्र रंगमंचावर काही मिनिटांचा सुटा अंश दिसतो, त्यात अनेक दिवसांचा क्रम हरवतो. येथे तर क्रमातच अर्थ आहे. वाढत्या वस्तीमुळे देवरायांचे क्षेत्रही आकुंचित होत आहे.

याहून गंभीर प्रश्न ३ मे २०२३ रोजी सुरू झालेल्या वांशिक हिंसाचाराने निर्माण केला. उत्सवाच्या ऐन हंगामात पेटलेल्या या संघर्षात मैतेई आणि कुकी-झो अशा दोन्ही समाजांतील हजारो कुटुंबे विस्थापित झाली. लाइ ही स्थळाशी बांधलेली देवता आहे. मदत छावणीत नृत्य करता येईल, परंतु ज्या तळ्यातून तिला बोलवायचे ते तळे छावणीत नेता येत नाही. गाव सुटणे म्हणजे या विधीचे पहिले पाऊलच थांबणे होय.

समारोप :

लाइ हराओबाकडे केवळ ‘लोकनृत्य’ म्हणून पाहणे अपुरे आहे. तो एकाच वेळी धर्मविधी, मौखिक वाङ्मय, जीवनविद्येचे प्रशिक्षण आणि वनसंरक्षणाची परंपरा आहे. त्यामुळे त्याचे जतन केवळ चित्रफितींनी होणार नाही. त्यासाठी माइबी व पेनावादकांची गुरुपरंपरा, देवराई, जलाशय आणि त्यांच्याभोवती निर्भयपणे एकत्र येऊ शकणारा समुदाय या चारही गोष्टी टिकाव्या लागतील. मानव्यविद्या, पर्यावरण आणि प्रयोगकला या शाखांच्या अभ्यासकांनी एकत्रितपणे विचार करावा, असा हा विषय आहे.