‘उद्यापासून येऊ नको’ म्हटले, तरी राजीनाम्यावर सही नको

बेळगाव : कारखान्यात ऑर्डरी कमी झाल्या की कामगारापुढे एक कागद येतो. ‘सही कर आणि हिशेब घेऊन जा.’ कागद बऱ्याचदा कन्नड किंवा इंग्रजीत असतो. तो राजीनामा असेल, तर नोकरी कामगाराने स्वतःहून सोडली असे ठरते आणि भरपाईचा हक्क जातो. सही जबरदस्तीने घेतली, हे नंतर सिद्ध करणे अवघड जाते.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. काम नाही म्हणून वर्षभराची सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचे, तर कारण लिहून महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार द्यावा लागतो. शिवाय दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे आठ वर्षांचे 120 दिवस. ठराविक मुदतीचा करार संपला, तर मात्र ही भरपाई नाही.

ग्रॅच्युइटी वेगळी. पाच वर्षे भरली असतील, तर राजीनामा देऊनही ती मिळते. काढले किंवा सोडले, तरी राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत मिळाला पाहिजे.

गैरवर्तनाचा आरोप असेल, तर आधी आरोपपत्र, चौकशी आणि बाजू मांडायची संधी. चौकशीसाठी निलंबित केले, तर पहिले 90 दिवस निम्मा पगार मिळतो.

कार्डावर ‘सुपरवायझर’ छापले म्हणून हक्क जात नाही. प्रत्यक्ष काम काय, हे बघितले जाते. खरोखर देखरेखीचे काम आणि पगार 18 हजारांच्या वर असेल, तर मात्र हा कायदा लागू होत नाही.

दाद कुठे मागायची? राहण्याचे नव्हे, कामाचे ठिकाण धरतात. चंदगडचा माणूस उद्यमबागेत कामाला असेल, तर कर्नाटकचे कामगार खाते. बेळगावचा माणूस शिनोळीत असेल, तर महाराष्ट्राचे. तिथल्या समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. 45 दिवसांत तोडगा निघाला नाही, तर थेट न्यायाधिकरणात जाता येते. काढल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

गेटवर अडवले, तर त्याच दिवशी ‘मी कामावर यायला तयार आहे’ असे पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पावती जपावी. नाहीतर ‘तोच यायचा बंद झाला’ असे मालक म्हणू शकतो. पगारपत्रक, हजेरी कार्ड, फंडाचे पासबुक यांचे फोटोही नोकरी चालू असतानाच काढून ठेवावेत.